न चाखलेला रस्सा

काचेची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून मीनाने लंकाबाईला जवळ बोलावलं.

मखमलाबाद रस्त्याच्या त्या छोट्याशा लॅबमध्ये मीना कित्येक वर्षं लोकांची रक्तं काढत होती. सकाळी रक्त देऊन गेलेल्या बाईला तिने दुपारी फोन करून परत बोलावलं, म्हणजे काहीतरी होतंच. नळीच्या तळाशी लाल रक्त बसलेलं. त्याच्यावर एरवी फिकट पिवळं, नितळ पाणी जमतं. लंकाबाईच्या नळीत तिथे पांढरंधोट काहीतरी होतं. अगदी घुसळलेल्या ताकासारखं.

"मावशी, खरं सांगा. सकाळी काही खाऊन आला होतात?"

"नाय गं बाई. चहाचा घोट नाय घेतला. उठले, आंघोळ केली, रस्सा टाकला, आन् रस्सा झाला तशी तुझ्याकडं आले."

"मग ही एवढी चरबी कुठून आली?"

"ही माझी हाय?"

"नाहीतर काय माझी?" मीना हसली, पण लगेच गंभीर झाली. "परवा परत या. आदल्या दिवशी लवकर जेवा आणि सकाळी घरातून थेट इकडे. हॉटेलात पाऊल टाकायचं नाही."

हॉटेल म्हणजे 'वत्सला मिसळ'. पत्र्याचं छप्पर, बाहेर कडुनिंबाखाली बाकडी. सासूच्या नावाने निघालेलं आणि सुनेच्या जिभेवर चाललेलं. वत्सलाबाईंनी काळ्या मसाल्याचा हा रस्सा पहिल्यांदा केला त्याला जमाना झाला. पण त्यांचे दात गेले, मग चवही गेली, आणि डाव लंकाबाईच्या हातात आला. रविवारी सकाळी गंगापूर रोडकडून सायकलवाले यायचे. घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, हातात पाण्याची बाटली. तब्येतीसाठी एवढं अंतर पायडल मारून आलेली ही मंडळी बसल्याबसल्या म्हणायची, "वहिनी, तर्री जास्त!" लाल तेलाचा तो थर वाटीवर चढला की त्यांचे चेहरे असे उजळायचे, की लंकाबाईला वाटायचं, सायकल चालवण्यामागचं खरं कारण हेच.

तिसऱ्या दिवशी लंकाबाईने पुन्हा रक्त दिलं, या वेळी खरोखर रिकाम्या पोटी. नळीतलं घट्ट ताक आता पातळ ताकावर आलं होतं, तरी पलीकडचं काही दिसत नव्हतं.

रिपोर्ट घेऊन ती वेदिका मॅडमकडे गेली. मॅडमचा दवाखाना हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर. त्या स्वतःही अधूनमधून मिसळ खायला यायच्या, आणि एखादा पेशंट समोर दिसला की पापड तोंडापुढे धरायच्या.

"ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातलं तेल समजा," मॅडम म्हणाल्या. "दीडशेच्या आत हवं. तुमचं पाचशेच्या घरात आहे. चांगलं कोलेस्टेरॉल कमी, साखर उंबरठ्यावर, बीपी वर. आणि कंबर..." मॅडमनी टेप गुंडाळून खणात ठेवला आणि कंबरेचा विषय सौजन्याने सोडून दिला.

"म्हणजे मला नेमकं झालंय काय? एकच काय ते नाव सांगा."

"एकच नाही ना. एकेकटं बघितलं तर यातलं कुठलंच फार मोठं नाही. पण ही सगळी एका घरात राहायला आली, की एकमेकांच्या जोरावर माजतात. मग हृदयही धोक्यात, डायबेटिसही दारात. टोळी असते ही, लंकाताई. माहेरी कोणाला हृदयाचं दुखणं?"

लंकाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

तिचा धाकटा भाऊ बारकू सिन्नरच्या एका कारखान्यात होता. अंगाने काडी. गेल्या संक्रांतीला ड्युटीवरून आला, छातीत जळजळतंय म्हणाला, सोडा प्यायला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधीच गेला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्याने. काडीसारख्या माणसाचं रक्त तपासावं असं कोणाच्या मनात येणार? लंकाबाई तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती, "तो बाहेरचं खायचा हो, डबा न्यायचा नाय." कारण काहीतरी सापडलं की माणसाला जरा झोप लागते.

"भाऊ गेला," ती म्हणाली. "पण मॅडम, मी तेलकट खातच नाय. दोन्ही वेळेला भाकरी आन् भाजी. मिसळीची आख्खी प्लेट खाऊन मला कैक वर्षं झाली. खंडेरायाची शप्पथ!"

शपथ खरी होती. मॅडमनी पेन उचललं.

"गोळ्या लिहून देते, त्या घ्यायच्या. चालायचं. आणि एक करा. उद्या सकाळी स्वयंपाक करताना जे जे तोंडात टाकाल, तेवढंच एका पातेल्यात टाका. खायचं नाही, नुसतं टाकायचं."

"ते चाखणं हो!" लंकाबाईला हसूच आलं. "ते काय खाणं असतं?"

दुसऱ्या दिवशी तिने ओट्याच्या कडेला एक पातेलं ठेवलं. मटकीला उकळी आली, तळहात पुढे झाला, त्यावर डाव टेकला आणि तोंडाकडे निघालेला हात पातेल्याकडे वळवावा लागला. मीठ घातलं, पुन्हा डाव. काळा मसाला पडला, पुन्हा. वेगळ्या पातेल्यात तर्री सुटली, तिचे दोन डाव, कारण एकाने अंदाज येत नाही. मग रंग चढतो की नाही बघायला पावाचा तुकडा बुडवला, तोही पातेल्यात. दुसरं भांडं चढलं, पहिल्यापासून सगळं पुन्हा. मधेच शेवेचा नवा घाणा आला, त्यातली मूठभर. जिलबीचं पहिलं वेटोळं, पाक मुरला का म्हणून. "वहिनी, तुम्ही पण घ्या," असं म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबरचा अर्धा कप चहा तिने वेगळ्या तांब्यात ओतला, नाहीतर पातेल्याकडे बघवलं नसतं. तसंही ते बघवत नव्हतंच.

दुपारी वत्सलाबाई काठी टेकत आत आल्या आणि पातेल्यापाशी थांबल्या. वर बोटभर तेल तरंगत होतं. खाली फुगलेला पाव, मऊ झालेली शेव आणि जिलबी.

"हे कोणाचं पार्सल?"

"माझं," लंकाबाई म्हणाली.

"चार माणसांचं हाय की गं!"

नवरा, धनराज, गल्ला सोडून बघायला आला. पातेल्यात डोकावला. मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "आणि मला म्हणायची, तुमचं पोट सुटलंय."

लंकाबाई हसली नाही. तिला बारकू दिसत होता, सोड्याची बाटली हातात घेतलेला. रोज सकाळी आपण हे सगळं उभ्या उभ्या गिळतो आणि वर उपाशी असल्याचा तोरा मिरवतो. पण जीभ थांबवली तर हॉटेल जातं, आणि जीभ चालू ठेवली तर आपण जातो. यातून वाट कुठे होती?

तिने जीभ थांबवून बघितली. पहिल्याच रविवारी फजिती झाली. न चाखता मीठ घालायचं म्हटल्यावर मूठ बरणीवरच अडली. घातलं की नाही या शंकेने तिने पुन्हा घातलं, आणि खारट झालं असेल या भीतीने वरून तांब्याभर पाणी ओतलं. कोपऱ्यातल्या टेबलावर चिमाजी बसले होते. एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले. दर रविवारी तेच टेबल. "ठीक आहे" ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी, आणि तीही दिवाळीच्या सुमाराला मिळायची. चिमाजींनी एक चमचा घेतला, वाटी धनराजकडे सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लंकावहिनी माहेरी गेल्यात का?"

त्या सकाळी वाट्या अर्ध्या भरलेल्याच परत आल्या. मग घरात उपायांना ऊत आला.

"तू चाख आणि थुंकून टाक," धनराजने सुचवलं.

तिने मोरीकडे तोंड करून तसं केलं. नेमकं तेव्हाच सायकलवाल्यांमधली एक बाई पाणी मागायला आत आली, आणि तिने आल्या पावली तोंड फिरवलं. लंकाबाईलाही ते सोसलं नाही. अन्न थुंकायचं, आणि तेही स्वतःच्या हातचं!

मग चाखायला धनराजला उभा केला. प्रत्येक डावाला तो "छान" म्हणाला. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघणार नव्हतं. वत्सलाबाईंना चाखायला दिलं तर त्या म्हणाल्या, "अजून मीठ." पुन्हा दिलं, पुन्हा "अजून मीठ." त्यांच्या जिभेवर मिठागर ओतलं असतं तरी त्या तेच म्हणाल्या असत्या.

शेवटी हळूच, एकदाच म्हणून, लंकाबाईने तळहात पुढे केला. एकदाचं दोनदा झालं. आषाढ सरला, श्रावण सरत आला, आणि तळहात पुन्हा पूर्वीसारखा लाल दिसायला लागला. गोळ्या ती नेमाने घ्यायची. संध्याकाळी पाटाच्या कडेने चालायलाही जायची. सुरुवातीला कुत्र्यांच्या भीतीने भरभर, नंतर सवयीने. पण चालून येताना तिला वाटायचं, आपण एका दाराने चोराला बाहेर काढतोय आणि दुसरं दार सताड उघडं ठेवतोय.

मग महालक्ष्म्या आल्या.

जेवणाच्या दिवशी हॉटेलला सुट्टी. लंकाबाई पहाटेच आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून स्वयंपाकघरात शिरली. पुरणाची डाळ शिजत घातली. सोळा भाज्या, कोशिंबिरी, भजी, आंबील, खीर, कटाची आमटी. घामाने कपाळाचं कुंकू फिसकटलं, पण हात थांबला नाही. मूठ मिठाच्या बरणीत जायची आणि बाहेर यायची, मसाला पडायचा, फोडणी चरचरायची. बारापर्यंत ताटं मांडली, देवींना नैवेद्य दाखवला, आरती झाली आणि घरचे, पाहुणे पंगतीला बसले.

वत्सलाबाईंसमोर केळीचं पान होतं. दातांशिवाय पुरणपोळी कशी खायची याचं त्यांचं एक स्वतःचं तंत्र होतं. ती आमटीत बुडवून त्या जवळजवळ प्यायच्याच. त्यांनी आमटीची वाटी पुन्हा पुढे केली.

"बरी झालीय?" लंकाबाईने वाढता वाढता विचारलं.

"चवीचं मला काय इचारती? यांना इचार."

"एक नंबर!" धनराज बोटं चाटत म्हणाला. त्याच्या शेजारी चिमाजी होते. सवाष्णीचा नवरा म्हणून त्यांना आमंत्रण होतं. त्यांनी भोपळ्याच्या भाजीवरून बोट फिरवलं, आमटीचा भुरका घेतला आणि मान डोलावली. "मीठ बरोबर आहे."

वत्सलाबाईंचा हात पानावर तसाच थांबला.

"लंके, आमटी चाखली व्हतीस?"

"काय बोलताय आत्याबाई!" लंकाबाई चमकलीच. "नैवेद्याचं कोण चाखतं? देवाच्या आधी?"

"आन् भोपळा?"

"नाय."

"खीर?"

"नाय हो."

"सोळा भाज्या केल्या," वत्सलाबाई पंगतीकडे बघत, पण सुनेला ऐकवत म्हणाल्या, "त्यातली एक चुकली नाय. दरसाल करती, दरसाल चुकत नाय. आन् मटकीचा रस्सा तेवढा हिला चाखल्याबिगर येत नाय! मटकी काय परदेशातनं आणलीय?"

पंगतीत कोणीतरी फिस्सकन हसलं. लंकाबाई मात्र हातात आमटीचं भांडं घेऊन उभीच राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती हे करत होती. पोळ्याला, दसऱ्याला, चंपाषष्ठीला खंडेरायाच्या भरीत-रोडग्याला. एकदाही जिभेला लावलं नव्हतं. कुठल्याच सणाला देव खारट म्हणून उठले नव्हते. मग सणाच्या दिवशी मूठ का अडत नव्हती? कारण चाखायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. हात आपला आपला चालत होता.

"उद्यापासनं पहिली वाटी खंडेरायाला," वत्सलाबाईंनी पानावरून फर्मान काढलं. "देवाच्या आधी तोंड लावायचं नाय. सांगून ठेवते."

म्हातारी बेरकी होती. डॉक्टरचं बोलणं सून एक वेळ मोडेल, पण खंडेरायाचं मोडायची तिची छाती नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडलं तेव्हा ओट्याच्या वरच्या फळीवर खंडेरायाचा फोटो होता आणि फोटोपुढे एक चकचकीत वाटी. लंकाबाईने मटकी टाकली. तळहात सवयीने पुढे आला. तिने तो पदराला पुसला आणि कमरेवर ठेवला. मग ती नुसती ऐकत राहिली. कच्च्या मसाल्याची उकळी दाटून, गुरगुरत येते. तेल सुटायला लागलं की तिचा आवाज हलका होतो. हे तिला केव्हापासून माहीत होतं, फक्त जिभेच्या गडबडीत तिने कधी कानाला विचारलं नव्हतं. वाफ नाकात झोंबत होती, म्हणजे मसाला अजून कच्चा. थोड्या वेळाने तीच वाफ घशाशी येऊन गोड झाली. तिने मिठाची मूठ भरली, बोटं किंचित सैल सोडून फाजील मीठ बरणीत गळू दिलं, आणि उरलेलं एकदाच टाकलं. झाकण ठेवलं. पहिली वाटी वर गेली.

आणि आली ती रविवारची झुंबड. कुठल्याशा शर्यतीची तयारी करणारे सायकलवाले नेहमीपेक्षा दुप्पट आले. कडुनिंबाखाली सायकली एकमेकींवर रेलल्या, बाकडी पुरेनात, काहीजण हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसले. धनराज वाट्या पोचवून परत येईना, म्हणून लंकाबाईने दाराआडून बघितलं. तो चिमाजींच्या टेबलाशी खांद्यावरचा टॉवेल धरून उभा होता, निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोराच्या बापासारखा.

चिमाजींनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग पाव मोडला, वाटीच्या तळापर्यंत फिरवला आणि वाटी पुढे केली.

"रस्सा आणा."

धनराजला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चिमाजींनी रस्सा परत मागितल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

"आज काय वेगळं घातलंय?" त्यांनी आत डोकावून, पंगतीतलं काही ऐकलंच नव्हतं असा चेहरा करून विचारलं.

"काय नाय," लंकाबाई म्हणाली. "आज चाखला नाय."

"मग रोज कशाला चाखत होतात?"

लंकाबाई आत गेली, पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतंही. बाहेर ओरडा चालू होता, "वहिनी, रस्सा!" आणि आज भांड्याचा तळ लवकर दिसणार हे तिला आवाजावरूनच कळत होतं.

दसरा गेला. दिवाळीचा फराळ झाला. चिवडा, शेव, चकली, काहीच लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याआधी तिच्या ओठाला लागलं नाही, आणि नंतर तिने बसून, ताटलीत घेऊन, मोजकं खाल्लं. खंडेराया वाटीभर रोज घेत होते आणि त्यांचं काही वाढल्याचं दिसत नव्हतं. ती वाटी पुढे वत्सलाबाईंच्या पावाला लागायची. चहा बिनसाखरेचा झाला. पाटाच्या रस्त्याला कुत्री आता तिला ओळखून शेपूट हलवायची. जुनी परकराची नाडी दोन वेळा आवळून बांधावी लागली, तेव्हा तिने नवीनच घातली.

कार्तिकात ती मीनाकडे गेली. उपाशी पोटी, घरातून थेट. या वेळी नळी मशीनमध्ये फिरून येईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मीना बाहेर आली, नळी खिडकीशी धरली आणि म्हणाली, "मावशी, इकडे या. यातून पलीकडे बघा."

लाल रक्तावर पाणी होतं, पिवळसर, नितळ, लिंबाच्या सरबतासारखं. त्याच्या पलीकडे खिडकीलगतच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटंपालटं, पण दिसत होतं. लंकाबाईने मान वाकडी करून बघितलं.

"एकादशी कधी हाय तेसुद्धा दिसतंय गं!"

"फोटो काढू?"

"काढ की. सगळ्या ग्रुपवर टाक. जिलबीचे टाकतात, पोरांचे टाकतात, माझ्या रक्ताचा टाकायला काय झालं?"

तो फोटो तिने सगळ्यात आधी सिन्नरला धाडला. बारकूच्या लेकीला, सायलीला. खाली बोलून पाठवलं, "बघ, आधी हे ताक होतं. आता तू जा आन् तुझं तपासून ये. बारीक हायेस म्हणून सुटशील असं समजू नको. तुझा बापही बारीकच होता." संध्याकाळी सायलीचा निरोप आला, उद्याच जाते आत्या, आईला पण नेते.

वेदिका मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या किंचित वर. साखर उंबरठ्यावरून मागे सरकलेली. बीपी ताळ्यावर. या वेळी त्यांनी कंबरेचा आकडा मोठ्याने वाचला.

"गोळ्या मात्र मी सांगेपर्यंत चालू," त्या म्हणाल्या. "चालणंही. टोळी पळाली असली तरी घराचा पत्ता तिला माहीत आहे. पण आज, लंकाताई, तुम्ही जिंकलात असं म्हणायला हरकत नाही."

"मग म्हणा की, मॅडम. म्हणायला काय जातं?"

"जिंकलात!" मॅडम मोठ्याने म्हणाल्या, इतक्या की बाहेर बसलेले पेशंट दाराकडे बघायला लागले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता एखादी प्लेट व्यवस्थित बसून खाल्लीत तर चालेल. कधी खाल्ली होतीत शेवटची?"

लंकाबाईला आठवेना.

ती हॉटेलवर आली ती आत गेलीच नाही. चिमाजींचं कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं, तिथे खुर्ची ओढून बसली. वत्सलाबाई मटकी निवडता निवडता थांबल्या. धनराज गल्ल्यावरून बघतच राहिला.

"काय बघताय? गिऱ्हाईक आलंय. एक मिसळ आणा, दही टाकून."

"तर्री?" धनराजच्या तोंडून सवयीने गेलं.

"बेताची."

प्लेट आली. मटकी, वर शेव, कांदा, कोथिंबीर. बाजूला रश्श्याची वाटी, एकच पाव. लंकाबाईने लिंबू पिळलं, मांडी घालायची सवय असल्याने पाय खुर्चीवर घेतले आणि पहिला घास घेतला. इतकी वर्षं डावाच्या टोकाने, तळहातावरून, घाईत जे जिभेला लागत होतं, ते हे नव्हतंच. ते फक्त मीठ होतं की नाही एवढंच सांगायचं. हे सगळं मिळून होतं. मसाल्याचा धूर होता, मटकीचा कोवळेपणा होता, आणि दह्याने दोघांचं भांडण सोडवलं होतं. एवढ्या सकाळी पायडल मारत लोक इथवर का येतात, ते तिला आज कळलं.

"मीठ?" धनराजने विचारलं.

लंकाबाईने सावकाश घास संपवला, पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून काढली आणि ती रिकामी वाटी त्याच्यासमोर धरली.

"रस्सा आणा," ती म्हणाली. "वरची तर्री बाजूला सारून."